धिंड कुठं संपते

दाजी, या गावात माझा एकच ठराव आजवर मंजूर झाला, तो तुमच्या दुखवट्याचा. तेराव्याच्या आदल्या दिवशी चावडीपुढं माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, मास्तर हायतच, त्यांनीच लिहावा. मी लिहिला, उभं राहून वाचला, सगळ्यांनी माना खाली घातल्या. हात वर करायला सांगावं लागलं नाही. त्याच चावडीपुढं माझा पहिला ठराव तुम्ही हाणून पाडला होतात. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बघा पाव्हणं, आमी मेल्याबिगर तुमचा ठराव काय पास व्हईना."

ठरावात लिहायचं ते लिहिलं. पलटणीतली नोकरी, गावासाठी सोसलेली झीज, मनमिळाऊ स्वभाव. आक्का बायकांच्या घोळक्यात उभी राहून ऐकत होती. घरी आल्यावर मला एवढंच म्हणाली, "मनमिळाऊ कोन, ह्ये?" आणि डोळ्याला पदर लावून आत गेली. माझ्या सख्ख्या बहिणीनं माझ्या लिहिण्याची केलेली ही एकमेव समीक्षा आहे, आणि ती बरोबर आहे.

ठरावात मावलं नाही ते इथं लिहितोय. त्यात बराचसा भाग आपल्या भांडणाचा आहे. भांडण अर्धं टाकून उठून जाणं ही तुमची जुनी खोड. या वेळी तर फारच लांब गेलात. मला तुमची आठवण येते आणि तुमचा रागही येतो, आणि दोन्ही बहुधा एकाच वेळी.

भांडण एका शब्दावरचं. धिंड.

बेचाळीसनंतर आपल्या पट्ट्यात, विट्यापासून येरळेच्या काठापर्यंत, गोऱ्या सरकारचा अंमल नावालाच उरला होता. भूमिगत पोरं रानात राहायची आणि गावोगाव न्यायसभा बसायची. बांधाची भांडणं, चोऱ्या, बायको टाकणं, सगळं तिथंच मिटायचं. तुम्ही पलटणीतून पेन्शनीत आलेले, आवाज दांडगा, म्हणून आपल्या गावच्या सभेचे तुम्ही प्रमुख. मी साताऱ्याला हायस्कुलात मराठी शिकवणारा आणि सुट्टीत बहिणीकडं येणारा. मला तिथं बसायला मिळायचं ते तुमचा मेव्हणा म्हणून.

लढाईचे दिवस होते. रॉकेल कार्डावर मिळायचं आणि ते गावात यायचं हिंदूरावांच्या दुकानात. हिंदूराव म्हणजे तुमचे एका तालमीतले, एका वयाचे सोबती. तुमच्याकडं एक बैल, त्यांच्याकडं एक, आणि दोघांचा पैरा. म्हणजे दोन घरचे दोन बैल एका जुवाखाली जुंपायचे, आज यांचं रान करायचं, उद्या त्यांचं. तुमच्या लग्नाआधीपासून तो चालत आलेला होता. पैरा हा शब्द मला तुम्हीच दिलात. तुम्हाला तो नादच होता. साताऱ्याला येणाऱ्या कुणाच्याही हाती एखादा शब्द पाठवायचा आणि निरोप द्यायचा, ह्यो तुमच्या पुस्तकात हाय का बघा. नसला की तुम्हाला कोण आनंद व्हायचा.

त्या पावसाळ्यात गावात दिवे लागेनात. वरून रॉकेलच आलं नाही, असं हिंदूराव सांगत राहिले. म्हातारी माणसं अंधारात ठेचकाळत होती, बायका चुलीच्या उजेडात जेवणं उरकत होत्या. मग पोरांना हिंदूरावांच्या कडब्याच्या गंजीखाली डबे सापडले. रॉकेल विट्याच्या बाजाराला चोरून जात होतं. हिंदूरावांनी कबूल केलं. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढं पुढं काही लोकांनी त्यांना निर्दोष ठरवून टाकलं. ते निर्दोष नव्हते आणि त्यांनी तसा आवही कधी आणला नाही.

सभेत मी उठलो आणि ठराव मांडला. दुकान काढून घ्यावं, आणि हे गाव त्यांच्या कृत्याचा जाहीर निषेध करतं. मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, निषेध म्हंजी काय? मी पडलो शिक्षक, विचारलं की सांगणारच. म्हणालो, जुन्या ग्रंथांत विधी आणि निषेध अशी जोडी असते. हे करावं आणि हे करू नये. त्या निषेधात कुणावर राग नाही, कुणाकडं बोट नाही. नुसती मनाई आहे. पुढं वर्तमानपत्रं आली, सभा भरू लागल्या. लोकांना सरकारवर चिडायचं होतं आणि हातात तर काहीच नव्हतं, तेव्हा या शब्दाला दुसरं काम लागलं. मग धिक्कारावर आलो. तो जास्त कडक. धर्मशास्त्रात धिग्दंड नावाची शिक्षाच सांगितली आहे: आधी समज द्यावी, त्यानं भागलं नाही तर चारचौघांत धिक् म्हणावं, त्यानंतर दंड, आणि सगळ्यात शेवटी देहाला हात. एवढं होईतो निम्मी सभा तंबाखू मळायला लागली होती.

तुम्ही मला हातानं खाली बसवलंत. "मास्तर, निषेधानं कुनाचं काय वाकडं झालंय? सरकारचा निषेध आमी कवापासनं करतुय. सरकार निवांत झोपलंय. हितं धिंडच पायजे."

मी पुन्हा उठलो. म्हणालो, दाजी, धिंड ही सरकारी शिक्षा आहे. जुन्या राजवटींच्या कागदांत ती सापडते. डोकं पट्ट्यापट्ट्यानं भादरायचं, गाढवावर उलटं बसवायचं, गावातून फिरवायचं. सरकार हटवायला निघालात आणि सरकारचीच शिक्षा उचलताय?

"मग?" तुम्ही म्हणालात. "आता आमीच सरकार हाय."

त्यावर टाळ्या पडल्या. मी खाली बसलो. खरं सांगायचं तर उत्तर झकास होतं आणि ते मला सुचलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंभाराचं गाढव आणलं. जुन्या वहाणांची माळ झाली, हलगीवाला आला. डोकं भादरायचं तेवढं तुम्ही होऊ दिलं नाहीत. तोंडाला काळं फासायला दिव्याची काजळी हवी होती, आणि गावात दिवे तर लागलेच नव्हते. त्यातला विनोद त्या दिवशी कुणाच्या ध्यानात आला नाही. तुम्ही घरात गेलात, चुलीवरचा भाकरीचा तवा उतरवून पाणी मारलंत आणि तसाच घेऊन आलात. आक्काच्या हातात थापलेली भाकरी होती. तिच्या तव्याच्या बुडाची काजळी हिंदूरावांच्या तोंडाला लागली.

मी चावडीच्या कट्ट्यावरून पाहत होतो. हिंदूराव शेपटीकडं तोंड करून बसलेले. कुणाकडंच बघत नव्हते. तुम्ही गाढवाच्या बाजूनं चालत होतात आणि त्यांच्या पायाचा घोटा हातात घट्ट धरला होतात. वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत तो सोडला नाहीत. मला वाटलं, पलटणीतला माणूस, कैदी सुटू नये म्हणून धरलाय. देवळापाशी त्यांना उतरवलंत, हौदावर तोंड धुवायला लावलंत आणि घरी जायला सांगितलंत. गावाच्या लेखी ते काम संपलं.

संध्याकाळी मी तुम्हाला वाटेल ते बोललो. तुम्ही न्हाणीपाशी पाय धूत होतात. सगळं ऐकून घेतलंत, पाय पुसलेत आणि म्हणालात, "गाढवावर बसायची सवय न्हाई त्याला. सारखा तोल जात व्हता."

इतकं निर्दय बोलणं मी तोवर ऐकलं नव्हतं. सकाळी पिशवी उचलली आणि विट्याला जाऊन साताऱ्याची मोटार धरली.

आक्कानं मात्र तवा घासला, पुसला आणि माजघरातल्या खुंटीला कडीनं अडकवला. कुंभारणीकडून मातीचा तवा आणला. तेव्हापासून तुमच्या घरात भाकरी मातीच्या तव्यावर झाली. तो तडकायचा, ती दुसरा आणायची. लोखंडी तव्याचं नाव तिनं काढलं नाही आणि तुम्हीही काढलं नाहीत. सणाला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं तर ती सांगायची, मातीवरची गोड लागती. निषेधाचा अर्थ मी भर सभेत ग्रंथांतून सांगत बसलो होतो, तो तुम्ही रोज जेवताना समोर बघत होतात. त्याबद्दल आपण कधीच बोललो नाही. मी चुलीकडं बघितलं की तुम्ही पावसापाण्याचं विचारायचा.

गावाचं पुढं काय झालं तेही लिहून ठेवतो. हिंदूरावांना कुणी वाळीत टाकलं नाही, कुणी टोचून बोललं नाही. उलट सगळे जपायला लागले. ते पारावर आले की गाढवाचा विषय निघायचा नाही. रॉकेलचा नाही, हलगीचा नाही, तोंड धुण्याचा नाही. होता होता त्यांच्यापुढं बोलायला काही उरलंच नाही. मग त्यांनीच पारावर यायचं सोडलं. दुकान गेलंच होतं. ते आणि त्यांचं रान, एवढंच राहिलं.

आणि बैल. दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा आलो, कारण बहिणीकडं न येऊन चालत नाही, तेव्हा तुम्ही मला रानात घेऊन गेलात. दोघांच्या बांधावर बाभळ आहे. तिला हिंदूरावांचा बैल बांधलेला होता. पहाटे आणून बांधतो आणि जातो, म्हणालात. तुम्ही दोन्ही रानं एकट्यानं करायचा आणि तिन्हीसांजेला बैल परत त्याच बाभळीला बांधायचा. पैरा मोडला नव्हता. दोघांतलं बोलणं तेवढं बंद होतं. मी विचारलं, जाऊन बोलत का नाही? घर तर हाकेच्या अंतरावर आहे.

"काय बोलू?" तुम्ही म्हणालात. "माफी मागू? मग चोरी बराबर ठरती. आन् न्हाई मागितली, तर बोलायला ऱ्हातंय काय?"

दाजी, तुमच्याशी वाद घालायला मजा यायची ती याचसाठी. मी शब्द आणायचा आणि तुम्ही त्यावर एखादा असा दगड ठेवायचा की तो जागचा हलायचा नाही. तुमी शबूद पेरता, उगवत कायबी न्हाई, असं म्हणायचा तुम्ही. पण ऐकायचा सगळं. माझ्या शाळेत, माझ्या घरात, साताऱ्यात कुठंही, मला इतकं ऐकून घेणारा दुसरा माणूस भेटला नाही.

तिथंच बाभळीखाली तुम्ही मला विचारलंत, "मास्तर, वाळीत टाकल्यालं मानूस पुन्हा पंगतीत घेत्यात. दंड झाल्याला फेडून मोकळा हुतो. धिंड काढल्याला कसा उतरवायचा?"

मी म्हणालो, बघून सांगतो. मी खरंच बघितलं. साताऱ्याला एका ओळखीच्या गृहस्थांकडं जुने कागद होते, ते चाळले. धिंड हा शब्द मुळात कुठून आला ते काही सापडलं नाही. संस्कृतात त्याचा बाप दाखवता येत नाही. बड्या धेंडांची निघती म्हणून धिंड, अशी तुमची उपपत्ती होती. ती मी हसण्यावारी नेली होती, पण तिच्या विरुद्धही मला काही मिळालं नाही. दुसरं एक मात्र दिसलं. जे कागद मी पाहिले त्यांत धिंडीचा रस्ता गावाबाहेर जातो. फिरवायचं आणि वेशीबाहेर घालवून द्यायचं. गाव त्या माणसाला शेवटचं बघून घेतं, आणि त्या माणसाला परत यायचंच नसतं. म्हणून परत घेण्याची रीत नाही, आणि रीत नाही म्हणून तिला नावही नाही. तुम्ही ती उलटी काढलीत. वेशीपासून आत, देवळापर्यंत. आणि माणूस पुन्हा गावातच ठेवलात.

हे मी तुम्हाला पुढच्या सुट्टीत सांगितलं. तुम्ही म्हणालात, "म्हंजी अजून गाढवावरच बसलाय त्यो."

मग स्वातंत्र्य आलं. गावातून झेंड्याची मिरवणूक काढायची ठरली आणि तुमच्या डोक्यात शिरलं की पुढं हिंदूराव पाहिजेत, झेंडा त्यांच्या हातात पाहिजे. मी परोपरीनं सांगितलं. म्हणालो, मिरवणूक आणि धिंड यांत फरक फक्त गळ्यातल्या माळेचा. रस्ता तोच, हलगी तीच, बघणारी तोंडं तीच. तुम्ही म्हणालात, तुमी गप बसा. त्यांच्याशी बोलायचं टाळून तुम्ही चार माणसं पाठवून त्यांना बोलावून घेतलंत. ते आले. सणाचा दिवस, नाही कसं म्हणणार? तुम्ही सगळ्यांसमोर त्यांच्या हातात काठी दिलीत आणि हलगी सुरू झाली.

वेशीपासून ते ठीक चालले. माणसं दोन्ही बाजूंनी उभी होती. कुणी हसलं नाही, तरी सगळ्यांनाच आठवत होतं, आणि ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मारुतीच्या अलीकडं हिंदूराव थांबले. झेंडा नीट बघून पाराच्या कठड्याला टेकवला, खाली पडणार नाही ना ते तपासलं आणि बोळातून घरी निघून गेले.

त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. अंगणात येऊन माझ्याशेजारी बसलात आणि म्हणालात, "चुकलं गड्या." मला जन्मभर मास्तर आणि पाव्हणं म्हणणारे तुम्ही, त्या एकदाच गड्या म्हणालात. काय चुकलं, मिरवणूक का धिंड, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही आता वाटत नाही. तुम्ही सांगितलं नसतंत.

यंदा भाद्रपदात तुम्ही तापानं गेलात. हिंदूराव तुमच्या मातीला आले नाहीत. गावानं ते ध्यानात ठेवलं. मीही ठेवलं. तेराव्यानंतर तुमचा पोरगा रजा संपून पलटणीत परत गेला. जोंधळ्याची पेरणी तोंडावर आली होती. मी आक्काला म्हणालो, रान कुणाला तरी लावून देऊ. ती सुपातलं बियाणं निवडत राहिली. मला पेरणीची कुरी धरता येत नाही हे तिला माहीत आहे.

काल सकाळी दारात बैलाच्या घुंगरांचा आवाज आला. बाहेर गेलो तर हिंदूराव. या दारात ते त्या दिवसानंतर पहिल्यांदाच आले होते, आणि बैल बाभळीला न बांधता घेऊन आले होते. आक्का उंबऱ्यात आली. ते खाली बघून तिला म्हणाले, "वैनी, मातीला आलो न्हाई म्हणून मनात धरू नगा. त्या रस्त्यानं हलगीमागं चालायचं म्हटलं की पाय उचलत न्हाई." मग गोठ्यात जाऊन त्यांनी तुमचा बैल सोडला. तुमचा बैल त्यांच्या मागोमाग निघाला, एकदाही अडला नाही.

आधी आक्काचं रान पेरलं. दुपारी बैल बांधायला आले तेव्हा आक्कानं जेवून जायला सांगितलं. ते बसले. मी शेजारी बसलो. आक्कानं ताटात भाकरी वाढली. हिंदूरावांनी एक तुकडा मोडला, चुलीकडं बघितलं, खुंटीकडं बघितलं. काय काय झालं असेल ते त्यांना तेवढ्यात कळलं असावं. तुकडा ताटातच ठेवून ते माझ्याकडं वळले.

"मास्तर, त्याला एक इचारायचं व्हतं. ऱ्हायलं. रोज बैल बांधताना म्हणायचो, आज थांबू, आज इचारू. त्या दिवशी त्यानं माझा पाय धरला व्हता, वेशीपासनं मारुतीपतोर. म्या पळू नये म्हणून धरला व्हता, का पडू नये म्हणून?"

दाजी, मी त्यांना तुमचं वाक्य सांगितलं. पाय धूत होतात तेही सांगितलं. गाढवावर बसायची सवय न्हाई त्याला, सारखा तोल जात व्हता. जसंच्या तसं, एक शब्द इकडचा तिकडं न करता. एवढी वर्षं ते मी तुमच्याविरुद्ध जपून ठेवलं होतं म्हणून मला अजून पाठ होतं.

हिंदूराव मान खाली घालून बसले. "मला वाटलंच व्हतं," म्हणाले, आणि रडायला लागले. चांगले मोठ्यानं रडले. मी उगाच पाण्याचा तांब्या पुढं सरकवला.

आक्का उठली. चुलीवरचा मातीचा तवा उतरवून बाजूला ठेवला. माजघरात गेली, खुंटीवरचा तवा काढला. त्याला तांबेरा चढला होता. तिनं तो अंगणात राखेनं घासला, धुतला, पुन्हा घासला. आम्ही दोघं बसून होतो. तवा चुलीवर चढला, तापला, तिनं भाकरी टाकली.

पहिली भाकरी तव्याला चिकटली आणि तुटली. आक्का ती बैलासाठी बाजूला काढत होती. हिंदूरावांनी ताट पुढं केलं.

"तीच वाढा, वैनी."